उंदरापेक्षा चिवट माणूस

आमच्या वहिनीसमोर नवा कप ठेवायची सोय नाही. तिने तो उजेडात धरून एकदा फिरवला की कुठेतरी केसाएवढी चीर निघतेच. दुकानदार शपथा घेतो, दादा म्हणतो, "राहू दे गं, चहाच प्यायचाय," आणि वहिनी तो परत करून दुसरा मागते. अंडी असोत, शर्टाची शिवण असो नाहीतर शेजाऱ्यांनी मोठ्या हौसेने घातलेली नवी फरशी असो, तिची नजर नेमकी उसवलेल्या नाहीतर तडकलेल्या जागी जाऊन पडते. शेजारी आता तिला घर दाखवायला बोलावत नाहीत.

हा जाच मी सगळ्यांत जास्त सोसलाय. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा मी सहावीत होतो. आई आधीच गेलेली. वहिनीने पहिल्याच आठवड्यात माझी नखं, माझे कान, माझं दप्तर आणि माझं प्रगतिपुस्तक तपासलं आणि सगळ्यालाच नापास केलं. आज मी दोन मुलींचा बाप आहे. लोकांना मोटार चालवायला शिकवतो, भल्याभल्यांना दरडावतो. तरी जेवायला बसलो की वहिनीच्या पानावरून हुकूम येतो, "कॉलर बघ तुझी." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून माझ्याविषयी एक बरा शब्द निघालेला मी ऐकला नव्हता. एकदा तर ठेच लागून पायाचा अंगठा रक्तबंबाळ झाला होता, तेव्हा मलम लावता लावता तिने आधी माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा दाखवून मलाच झापलं होतं.

आणि देवाने नोकरीही तिला शोभेलशीच दिली. रसायनं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती वाचक आहे. तिथे वाचायचं ते पुस्तक नव्हे, पेशी. एखाद्या कारखान्याकडून एखादं रसायन येतं. ते पेशींवर घालतात आणि आतल्या गुणसूत्रांचं काही तुटतं का ते बघतात. ते बघणारी आमची वहिनी. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचं आणि काय तुटलंय ते सांगायचं. घरी जे केलं की लोक नाकं मुरडतात, त्याचाच तिथे पगार मिळतो.

पण तिला काम करताना एकदा बघायला हवं. पेशी आधी मिठाच्या पातळ पाण्यात फुगवलेल्या असतात. वहिनी स्टुलावर चढते, हात उंच करते आणि थंड, ओल्या काचेवर वरून एक थेंब सोडते. थेंब आपटला की फुगलेल्या पेशी फुटतात आणि गुणसूत्रं ऐसपैस पसरतात. थेंब किती उंचावरून सोडायचा यावर तिथे भांडणं होतात. जाड चष्म्याचे एक जुने वाचक आहेत, त्यांना सगळे भिंगकाका म्हणतात. ते छातीच्या उंचीवरून सोडतात. वहिनी म्हणते, तेवढ्याने पेशीची झोपसुद्धा मोडत नाही. थेंब पडला की ती काचेवर तोंडाची वाफ सोडते, आरसा पुसायच्या आधी सोडतात तशी, आणि मग स्टुलावरून असं काही उतरते की बक्षीस घेऊन उतरतेय. तिच्या बाह्यांना कायम व्हिनेगरसारखा वास येतो. मुली लहान होत्या तेव्हा त्या वासावरूनच काकू आली हे ओळखायच्या.

वाचनाची तिची खुर्ची ठरलेली आहे. तिच्यावरची उशी तिने स्वतः शिवली आहे. त्या खुर्चीत बसायला ती जितकी आनंदाने जाते तितकी माहेरीही जात नाही, हे दादाचं मत. ती खुर्ची टिकवणं सोपं नसतं. तिथला नियम कडक आहे: प्रत्येक काच दोघांनी वाचायची, एकमेकांना न विचारता. दोघांचं जुळलं नाही तर पुन्हा बघायचं, आणि ज्याची नजर कच्ची ठरेल त्याने खुर्ची सोडून परत ट्यूबा धुण्यापासून सुरुवात करायची. एक-दोघांवर ती वेळ आली होती. वहिनीवर कधीच नाही.

तर गेल्या वर्षी एका रंगाच्या कारखान्याचं रसायन आलं. प्रश्न असा होता, की उंदराच्या पेशींना ते जेवढं सोसतं तेवढंच माणसाच्या पेशींना सोसतं का? वहिनीने मला जेवताना समजावलं. "कामगारांना किती चालेल हे आजवर उंदरावरून ठरवत आलेत. उंदराला जे झेपलं ते माणसालाही झेपेल, असा अंदाज. आता दोघांच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या."

"मग माणसाच्या पेशी कुठून आणणार?"

"तुझ्याकडून," वहिनी म्हणाली.

झालं होतं असं, की प्रयोगशाळेतल्या लोकांचं रक्त चालत नाही. त्यांचे हात रोज रसायनांत, त्यांच्या पेशींचा काय भरवसा? म्हणून रिवाज पडलेला, की प्रत्येकाने घरचं एक धडधाकट माणूस आणायचं. दादा सुई बघितली की आडवा होतो. राहिलो मी. उंदरांना निदान कोणी असं जेवणाच्या ताटावर पकडत नसेल.

खऱ्या प्रयोगाआधी तिने माझं थोडं रक्त नुसतं करून बघायला नेलं होतं, पेशी नीट वाढतात का ते पाहायला. त्या दिवशी घरी येऊन तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "तुझा वाय भलताच लांब आहे."

माझी बायको घाबरली. "म्हणजे काही दोष आहे का हो, वहिनी?"

"दोष कसला? पुरुषांत एक वाय नावाचं गुणसूत्र असतं, ते याचं नेहमीपेक्षा लांब आहे. एखाद्याचं नाक लांब असतं ना, तसं. नुसती ठेवण. बापाकडून येतं ते. यांचंही तसंच असणार." हे ऐकून दादा खुर्चीत सरळ बसला आणि उरलेलं जेवण त्याने मोठ्या रुबाबात संपवलं.

मग खरा प्रयोग झाला. पाच माणसं, पाच उंदीर. काचांवर नुसत्या खुणा. कुठली खूण कोणाची आणि कुठल्या काचेला किती रसायन, हे फक्त प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना माहीत. वाचणाऱ्याचा कल कुठे झुकू नये म्हणून ही खबरदारी. उंदीर की माणूस एवढं मात्र लपवता येत नाही. उंदराची गुणसूत्रं सगळी एका टोकाला जोडलेली, केसांच्या पिनांसारखी. माणसाची बरीचशी मध्येच कुठेतरी जोडलेली. बघितल्याबरोबर कळतं.

वहिनी वाचत राहिली आणि मी सगळं विसरून गेलो. एकदा रात्रीच्या जेवणाला मी शिंकलो. बायको म्हणाली, वाफारा घ्या. मुलगी म्हणाली, बाबा आजारी पडणार. वहिनी पोळीचा तुकडा मोडत सहज बोलून गेली, "त्याला काही होत नाही. उंदरापेक्षा चिवट आहे तो."

मी चमचा खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

"कोणी नाही. जेव."

"वहिनी, सांग ना. माझ्या पेशी ना?"

तिने जीभ चावली हे मला दिसलं. "जेव म्हटलं ना," ती म्हणाली आणि ताट उचलून उठून गेली.

आता मला सांगा, ज्याने उभ्या आयुष्यात या बाईकडून शाबासकी ऐकलेली नाही, त्याने हे ऐकून गप्प बसावं? माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी गाडी शिकायला आलेल्या बाईंना मी पहिल्या वळणावरच सांगितलं की विज्ञानाने मला तपासलंय. न्हाव्याला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. घरी बायको म्हणाली, "मग एवढा चिवटपणा कपडे वाळत घालताना कुठे जातो?" दादा म्हणाला, दोघांचा वाय एकच, म्हणजे आपणही चिवटच. मी त्याला सुईची आठवण करून दिली.

असे प्रयोग दोनदा करतात. त्यामुळे दुसऱ्या फेरीचं रक्त द्यायला मी प्रयोगशाळेत गेलो, तो छाती पुढे काढूनच. बाही वर केली. नर्स सुई तयार करत होती आणि भिंगकाका नळ्यांवर खुणा चिकटवत होते.

"काका, जरा जपून," मी म्हणालो. "हा हात साधा नाही. उंदरापेक्षा चिवट माणसाचा आहे."

भिंगकाकांनी चष्मा वर केला. "कोण म्हणालं?"

"वहिनी. दुसरं कोण म्हणणार?"

नर्सने माझ्या हातातून रक्त काढलं, कापूस लावला. मग काकांनी हळूच विचारलं, "खुणा अजून उघडलेल्या नाहीत. तुमची काच कुठली, हे तिला कसं कळलं?"

तेवढ्यात वाचनाच्या खोलीतून वहिनी बाहेर आली. चारचौघांत ती मला भाऊजी म्हणते, अहोजाहो करते. "झालं का भाऊजी? कापूस दाबून धरा," ती म्हणाली, आणि मग तिने काकांचा चेहरा बघितला. काकांनी तोच प्रश्न तिला विचारला. वाटलं, सांगून टाकावं, मी थापा मारत होतो. मी तोंड उघडलंसुद्धा.

"तुम्ही गप्प बसा, भाऊजी," वहिनी म्हणाली. मग काकांकडे वळून म्हणाली, "मी ओळखते भाऊजींना. त्यांचा वाय लांब आहे. काचेवर आला की दिसतो." आणि कोणी सांगायच्या आधी ती स्वतःच मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"हे आधी सांगायला हवं होतंत," मॅडम म्हणाल्या.

"चुकलंच. मला वाटलं, ओळखलं म्हणून काय बिघडतं? तुटलेलं ते तुटलेलं. सख्ख्या बहिणीचं लग्नातलं भांडं मी तडकलेलं म्हणून परत केलंय."

मॅडम हसल्या नाहीत. भिंगकाकांचं वाचन आदल्या दिवशीच संपलं होतं, आता दोघांचं ताडून बघायचं होतं. कोणाच्या ते माहीत असताना वहिनीने वाचलेल्या काचा खोट्या ठरल्या, तर बाकीच्या काचांचंही काय, असं कोणीही विचारलं असतं. तिची खुर्ची जाणार की राहणार, ते आता ठरणार होतं आणि ते माझ्या तोंडामुळे. मी कापूस दाबून धरला होता. रक्त केव्हाच थांबलेलं, पण हात सोडायचं सुचेना.

मग मॅडम सगळ्यांना वाचनाच्या खोलीत घेऊन गेल्या, मलाही बोलावलं. "या, तुमचंच आहे, बघा." मायक्रोस्कोपला पडदा जोडलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला आतून बघितलं. मला वाटलं होतं काहीतरी भारदस्त दिसेल. दिसले ते दोऱ्याचे जांभळे तुकडे, शिंप्याच्या टेबलाखाली पडलेले असतात तसे.

खुणा उघडल्या. मॅडमनी आधी उंदरांचं ताडून बघितलं. वहिनीचं आणि काकांचं जुळत होतं. मग बाकीच्या चार माणसांचं. तेही जुळत होतं. त्या चौघांच्या पेशी उंदरांपेक्षा जास्त तुटल्या होत्या, आणि त्यावर दोघांचं एकमत होतं. वहिनीने सुस्कारा सोडला, माझाही जीव भांड्यात पडला. मग मॅडमनी माझी काच काढली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्ही याच्या इथे बऱ्याच जागी फट म्हटलंय," मॅडम म्हणाल्या. "काकांनी तुटलेलं म्हटलंय."

यातला फरक मला तेव्हा कळला. दोऱ्यात बारीक मोकळी जागा दिसली, पण तुकडा आपल्या रेषेतच असला, तर ती नुसती फट. ती धरायची नाही. तुकडा रेषेतून सरकलेला असला तर ते तुटलेलं. नजरेचं काम आहे, पण वहिनीच्या नजरेला ते कधी अवघड गेलं नव्हतं.

"परत बघते," वहिनी म्हणाली. तिने पेशी शोधली, पडद्यावर आणली आणि बघत राहिली. मलासुद्धा दिसत होतं, मोटार शिकवणाऱ्या माणसाला, की तो तुकडा बाजूला सरकलाय.

"सरकलाय," वहिनी म्हणाली.

पुढची पेशी. "हाही सरकलाय."

पुढची. तिथे तिने नुसती मान हलवली. तिचा आवाज दर वेळी खाली जात होता. कपाची चीर सापडल्यावर तिच्या चेहऱ्यावर जी जीत दिसते, ती आज कुठेच नव्हती. माझ्या सगळ्या जागा बघून झाल्यावर तिने डोळे चोळले आणि उशीवर जरा मागे सरकून बसली. मी चिवट-बिवट कोणी नव्हतो. माझ्या पेशी बाकीच्या चौघांसारख्याच पटापट तुटत होत्या.

मॅडमनी बराच वेळ कागद खालीवर केले. "तुमचा हा पाचवा माणूस धरला असता, तर माणसांची सरासरी उंदरांच्या जवळ गेली असती," त्या म्हणाल्या. "कारखान्याला आपण सांगितलं असतं, फार फरक नाही." वहिनीने खाली बघितलं. मग मॅडमचा आवाज मऊ झाला. "नजर कच्ची नाही तुमची. बाकी सगळं अचूक आहे. पण यापुढे नात्यातलं रक्त नात्यातल्याने वाचायचं नाही, हा नवा नियम. यांच्या काचा बाद, यांच्याऐवजी दुसरं कोणीतरी आणा. आणि या प्रयोगाची माणसं काका आणि आणखी एक जण वाचतील, तुम्ही उंदीर वाचा. उंदरांत तुमचं कोणी नात्यातलं नाही ना?"

भिंगकाका खो खो हसले. नर्सही हसली. वहिनीसुद्धा हसली, कसनुशी. खुर्ची तिचीच राहिली होती. मी एवढा खूश झालो, की मी बाद झालो याचं वाईट वाटायचंही राहून गेलं.

घरी नेताना मी तिला शिकवणीच्या गाडीत बसवलं. त्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि मी चालवत असलो तरी वहिनी तो वापरते. त्या दिवशी तिने पाय दुमडून घेतले होते. कॉलर मळकी होती, तरी काही बोलली नाही. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला.

"वहिनी, अगं खुर्ची राहिली ना? मग चेहरा का असा?"

"खुर्चीचं नाही रे."

"मग? एखाद्या वेळी चुकतं माणूस. मुद्दाम थोडंच केलंस?"

"मुद्दाम केलं असतं तर बरं होतं," ती म्हणाली. "मला माहीत तरी असतं. मी नीट बघत होते. डोळ्यांत तेल घालून बघत होते. त्या चौघांचं तुटलेलं दिसलं, उंदरांचं दिसलं." ती खिडकीकडे वळली. "तुझं तेवढं दिसलंच नाही."

नखं, कान, दप्तर, प्रगतिपुस्तक, कॉलर. जिने सहावीपासून माझं एकही व्यंग नजरेआड केलं नाही, ती माझी वहिनी. मला सरळ रडू फुटलं, चाळिशीचा घोडा, रहदारीच्या भर रस्त्यात. मी तिच्याकडे वळून बघितलं.

"समोर बघ," वहिनी म्हणाली आणि तिच्या बाजूचा ब्रेक दाबला.